न धुतलेला कपडा

४ सप्टेंबर

आलो एकदाचे! मी, सामानाची खोकी, एक कुंडी आणि फौजदार. टेम्पोवाला आधी कुत्र्याला पुढे बसू देईना. मग फौजदाराने त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि विषय मिटला. वाटेत टेम्पोवाल्याने स्वतःच्या डब्यातलं अर्धं अंडं त्याला भरवलं, मला साधं विचारलंही नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खोल्या दोनच, पण उजेड भरपूर. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बेकरीवर उघडते, त्यामुळे निम्मं पोट वासानेच भरेल. समोरच्या दारात एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झालेत. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते इतक्या मोठ्याने बोलतात की माझी नोकरी, वय आणि लग्न न झाल्याचं एव्हाना सगळ्या मजल्यांना कळलं असेल.

फौजदार हे नाव ताईने ठेवलेलं. आखूड पाय, जाड मान, एक कान उभा नि एक पडलेला. प्रत्येक खोलीत नाक खुपसून तपास केल्याशिवाय आडवा व्हायचा नाही. मार्चमध्ये ताई गेली. भावोजींना त्याच्याकडे बघवेना, म्हणून तो माझ्याकडे आला. खरं तर त्याआधीच ठरलं होतं. दवाखान्यात ताईने माझं मनगट धरून सांगितलं होतं, याला कुठे सोडू नकोस. मी म्हटलं, नाही सोडणार. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं.

७ सप्टेंबर

कामावर रुजू झाले. इथे कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, आम्ही मेणात हिरड्या घडवतो, दात लावतो, घासूनपुसून चकचकीत करतो. माझ्याकडे रंग जुळवायचं काम आहे. पांढरेशुभ्र दात कोणीही लावेल. खरे वाटायला हवेत तर एखादा किंचित वाकडा, एखादा चहाने पिवळटलेला करावा लागतो. मालकांनी माझी पहिली कवळी हातात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, हिने आता फक्त शिव्या द्यायच्या बाकी आहेत. शेजारच्या बाकावरची मेणवाली खो खो हसली. बरं वाटलं.

मालकांनी आणखी एक सांगितलं. महिनाअखेरीला मला दोन आठवडे दुसऱ्या शहरात नव्या यंत्राच्या प्रशिक्षणाला जायचंय. मी लगेच हो म्हटलं. फौजदार आठवला तो घरी येताना, जिना चढताना.

११ सप्टेंबर

दार उघडलं की तो धावत येतो. पण माझ्याकडे बघत नाही, माझ्या मागे बघतो. जिन्यावर आणखी कोणी नाही हे पटलं की परत जाऊन पायपुसण्यावर बसतो. रोज हेच. मी त्याच्याशी बोलते, त्याच्यासाठी कोंबडी उकडते, तो सभ्यपणे खातो. भाडेकरूसारखा वागतो माझ्याशी.

भावोजींना फोन केला, दोन आठवडे ठेवाल का म्हणून. ते म्हणाले, तो घरात आला की ताई स्वयंपाकघरातून हाक मारेल असं वाटत राहतं. मी फोन ठेवला.

मेणवालीने कुत्रे सांभाळणारं एक बोर्डिंग सुचवलं. तिच्या चुलतभावाचा कुत्रा तिथे राहून आला म्हणे, तेव्हापासून घरी रमेना, सारखा परत जायला बघतो. यापेक्षा चांगली शिफारस काय हवी.

१३ सप्टेंबर

बोर्डिंग पाहून आले. गावाबाहेरची लांबलचक बैठी इमारत, पूर्वी मुलींचं वसतिगृह होतं. मधून एक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येकीला कमरेएवढं अर्धं दार. फरशी इतकी स्वच्छ की मी चपला हातात घेतल्या. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, हळू आवाजाच्या. त्यांना सगळे आत्या म्हणतात. इतके कुत्रे असून एकही भुंकत नव्हता. खोल्यांमधून माणसांची कुजबुज येत होती. कुत्र्यांना करमावं म्हणून रेडिओ लावला असेल.

आत्यांनी तयारी समजावून सांगितली. लस आणि नखं आधी. खाणं बदलायचं नाही. आधी अर्धा दिवस ठेवायचं, मग एक रात्र, म्हणजे त्याला कळतं की इथून परत जाता येतं. निघताना रडारड करायची नाही, मागे वळून बघायचं नाही. आणि त्याच्या सर्वांत लाडक्या माणसाने अंगावर वापरलेला एक न धुतलेला कपडा आणायचा.

मी म्हटलं, माझा नाही चालणार. ज्यांची तो वाट बघतो त्या आता नाहीत. आत्यांनी मान हलवली, जराही अवघडल्या नाहीत. म्हणाल्या, मग त्यांचाच आणा, आणि आवाज कुठे रेकॉर्ड केलेला असला तर तोही.

निघताना मी विचारू नये ते विचारलं. समजा एखाद्याला परत न्यायला जमलंच नाही, तर? आत्यांनी फाटक उघडून दिलं. मग म्हणाल्या, तीही सोय होते.

परतताना रस्ताभर मला हलकं वाटत होतं. हे इथे लिहितेय, कारण दुसरीकडे कुठे सांगणार.

१७ सप्टेंबर

लस झाली. पशुवैद्यांनी सुई काढली तर फौजदार टेबलावरून थेट त्यांच्या खांद्यावर चढला. नखं कापताना मात्र असा ओरडला की बाहेर बसलेल्या बाई मांजर घेऊन निघूनच गेल्या.

ताईचा हिरवा स्वेटर काढला. तो मी पिशवीत बांधून ठेवला होता. कोपरं ताणलेली, गळ्याशी तिच्या निलगिरीच्या मलमाचा वास. पिशवी उघडताच फौजदार दुसऱ्या खोलीतून आला आणि स्वेटरवर नाक ठेवून उभा राहिला. शेपटी हलवली नाही, नुसता थरथरत होता. मला वाटलं हे करू नये. तरी घडी घातली.

व्हॉइस मेसेजही सापडला. ताई मला काहीतरी सांगताना मध्येच त्याला हाक मारते, ‘फौजदार, चल रे, जेवून घे.’ एवढंच. आत्यांना पाठवून दिला.

१९ सप्टेंबर

अर्धा दिवस ठेवून आणला. विश्वास बसणार नाही. शेपटी हलतेय! घरात आल्या आल्या सगळ्या खोल्या तपासल्या, ताटली चाटून पुसून साफ केली आणि पालथा पडून घोरायला लागला. मार्चपासून हा असा झोपला नव्हता. मला आनंद झाला आणि लगेच हेवाही वाटला. मी एवढे महिने जे करू शकले नाही ते एका स्वेटरने केलं.

२२ सप्टेंबर

एक रात्र राहून आला. त्याच्या गळ्यात कापडी पट्टी होती, निळी. आत्यांकडची असेल म्हणून सोडायला गेले आणि हात थांबला. गाठ ताईची होती. तिचं डाव्या हाताचं एक बोट वाकत नसे, त्यामुळे तिची गाठ उलटी बसायची, एक टोक कायम आत दुमडलेलं. तशी गाठ मला बांधता येत नाही. लहानपणी प्रयत्न करून झालाय.

त्याच्या मानेला निलगिरीचा वास येत होता. स्वेटरचा लागला असेल, असं मी म्हटलं. पण स्वेटरचा वास जुना होता. हा ताजा.

फोन केला. आत्या म्हणाल्या, आम्ही कुत्र्यांना काही बांधत नाही. मग पट्टी कुणी बांधली, मी विचारलं.

‘त्याच्या बाईंनी.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आत्या तशाच हळू आवाजात पुढे म्हणाल्या, ‘कुत्र्याला खोटं चालत नाही हो. तो ज्याची वाट बघतो, ते माणूसच यावं लागतं.’

२४ सप्टेंबर

जायला नको होतं. सुट्टी काढून दुपारी गेले, फौजदाराला घेऊन. आवारात शिरताच त्याने पट्टा हिसडला आणि बोळातून धावत गेला. कुठल्या खोलीत जायचं हे त्याला माहीत होतं.

मी मागून चालत गेले. त्या खोलीतून ताईचा आवाज येत होता. फौजदार, चल रे, जेवून घे. माझाच मेसेज. तो संपला. मग आवाज पुढे बोलला. आज उशीर केलास, म्हणाला. मग तो आवाज खाकरला, ताई खाकरायची तसा. आणि त्याने विचारलं, ‘छोटी आली का रे? बाहेर उभी आहे का?’

मला छोटी फक्त ताई म्हणायची.

अर्ध्या दारावरून पाहिलं. फौजदार गादीवर उताणा पडला होता, पाय वर, डोळे मिटलेले. शेजारी स्वेटर होता. कुशीवर. सपाट नव्हता. एक बाही त्याच्या पोटावर होती आणि त्याचं पोट खाजवत होती.

मी पळाले. त्याला तिथेच टाकून पळाले.

२५ सप्टेंबर

सकाळी जाऊन त्याला आणलं. स्वेटरही मागून घेतला. आत्यांनी तो घडी घालून दिला, अगदी साधा, सपाट. म्हणाल्या, नेऊ नका, आत्ताच कुठे त्यांचा जम बसलाय. मी ऐकलं नाही. घरी येऊन स्वेटर मशीनमध्ये टाकला, गरम पाणी, दुप्पट साबण. फौजदार मशीनच्या काचेसमोर बसला. स्वेटर आत फिरत होता, बाही काचेवर आपटत होती. पुन्हा पुन्हा. तो बघत होता. मीही.

बाहेर काढला तेव्हा नुसती लोकर होती. कसलाही वास नाही.

मी ताईला — नाही. ती ताई नव्हती. पण त्याला ते कसं सांगू.

२७ सप्टेंबर

खात नाही. पाणीसुद्धा नाही. दाराकडेही जात नाही, वाळत घातलेल्या स्वेटरखाली पडून असतो. पशुवैद्यांनी सलाइन लावलं. आजार काही नाही म्हणाले, याला जगायचंच नाहीये. घरात कुणी गेलंय का, विचारलं. मी हो म्हटलं. कधी, विचारलं. मार्चमध्ये, की परवा?

२८ सप्टेंबर

आज मी जमिनीवर त्याच्या शेजारी आडवी झाले आणि माफी मागितली. मोठ्याने. स्वेटरची, पळून गेल्याची, आत्यांना विचारलेल्या त्या प्रश्नाची. सांगितलं की मला तुझं ओझं झालं होतं रे. बराच वेळ रडले. मग तळहातावर भात घेऊन पुढे केला, तर त्याने आधी हात चाटला आणि भात खाल्ला.

आता माझ्या पावलांवर झोपलाय. मुंग्या आल्यात, पण पाय हलवणार नाही.

२९ सप्टेंबर

कामावरून आले. दार उघडलं. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या मागे नाही, माझ्याकडे.

पण दिवसभर काही खाल्लं नव्हतं. काका म्हणाले, तुम्ही गेल्यापासून दाराला नाक लावून इतका रडत होता की मलासुद्धा ऐकू आलं. मी भरवल्यावर लगेच खाल्लं, म्हणजे आता माझ्या हातूनच खातो. मी असेन तरच.

मालकांशी बोलले. प्रशिक्षण पुढे ढकला, मेणवालीला पाठवा, काहीही करा. ते वाईट माणूस नाहीत. पण म्हणाले, यंत्र तुझ्या भरवशावर घेतलंय, नसेल जमत तर दुसरं माणूस बघतो. काकांना विचारलं, त्यांना कुत्र्याच्या केसांनी दमा होतो. पशुवैद्य ठेवून घेत नाहीत. भावोजी फोन उचलत नाहीत.

दोन आठवडे न खाता तो राहणार नाही.

३० सप्टेंबर

सोडून आले.

अंगातला सदरा तिथेच काढून दिला, वरून कोट घालून आले. कालपासून घातलेला, कामाच्या मेणाचा आणि घामाचा वास असलेला. आत्यांच्या फोनमध्ये बोलले. फौजदार, मी आहे इथे. खा रे बाळा. आत्या म्हणाल्या, आणखी थोडं बोला, काहीही. मी बोलत राहिले.

मला माहीत होतं मी काय देतेय. कुणी फसवलं नाही मला. तो जगावा एवढंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर नोकरीही टिकावी असं वाटलं.

मागे वळून पाहिलं नाही. त्यांनीच सांगितलं होतं.

३ ऑक्टोबर

प्रशिक्षण बरं चाललंय. घसा बसलाय. शिकवणारे सर हजेरी घेताना मला दोनदा विसरले, माझं ‘हजर’ त्यांना ऐकू गेलं नाही.

आत्यांना फोन केला. खातोय का? पोटभर खातो, म्हणाल्या. तुम्ही स्वतः भरवता ना त्याला.

मी ठेवून दिला.

५ ऑक्टोबर

आवाज जवळजवळ गेला. घसा दुखत नाही, तापही नाही. डॉक्टरला काही दिसलं नाही. जेवणाच्या टेबलावर शेजारची बाई माझ्या खुर्चीवर पर्स ठेवायला निघाली. मी बसलेली असताना. दचकली बिचारी.

रस्त्यावरच्या कुत्र्यांजवळून गेले. एकानेही नाक वर केलं नाही. हात पुढे केला, त्याने हवा हुंगावी तसा हुंगला आणि पाय ओलांडून गेला.

६ ऑक्टोबर

फोन लावला. आत्या नव्हत्या. पलीकडून ‘हॅलो’ आलं आणि मागे फौजदाराच्या नखांची टकटक.

हॅलो म्हणणारी मी होते.

माझ्या तोंडून नुसती हवा निघाली. ती पुन्हा हॅलो म्हणाली. मग माझ्या आवाजात म्हणाली, लागत नाहीये वाटतं. आणि हसली. मी तशी हसत नाही हल्ली. पूर्वी हसायचे.

निघतेय. प्रशिक्षण गेलं खड्ड्यात. त्याला परत आणते.

७ ऑक्टोबर, दुपार

बोर्डिंगमध्ये खोली रिकामी. गादी झाडून ठेवलेली. सदरा नाही. मी आत्यांना कागदावर लिहून विचारलं. त्यांनी कागद वाचला, मग माझ्याकडे निरखून पाहिलं, गिऱ्हाईक ओळखीचं वाटतं पण आठवत नाही तसं. म्हणाल्या, त्याला त्याच्या बाई काल घेऊन गेल्या. फार छान जोडी आहे. तो म्हणे पट्ट्याशिवायच चालत गेला —

घरी. जिन्यावर काका भेटले. मी समोर उभी असून त्यांनी आधी पाहिलंच नाही. पाहिल्यावर विचारलं, कोणाकडे आलात? मी दाराकडे बोट केलं. आहेत ना आत, म्हणाले. कालच आल्या, माझ्याकडची जादा किल्ली मागून घेतली. आता कायम इथेच असणार म्हणे, कामावरच्या मालकांना फोन करून स्पष्ट सांगितलं त्यांनी. मला शब्द न् शब्द ऐकू आला, इतका खणखणीत आवाज — काका हसत खाली गेले.

किल्ली फिरते, पण दार उघडत नाही. आतून कडी आहे.

वाजवलं. नखांची टकटक आली. दाराखालच्या फटीत त्याचं नाक दिसलं. मी खाली बसून बोटं पुढे केली. त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग गुरगुरला. हा कधी कुणावर गुरगुरला नव्हता. सुईवरसुद्धा नाही.

पायरीवर बसून लिहितेय. दुसरं काय करू. आत भांड्याचा आवाज येतोय. ती त्याच्याशी बोलतेय, लाडाने, न कंटाळता. मी इतकं कधी बोलले नाही त्याच्याशी. तो खातोय. चपचप ऐकू येतंय. चांगलं खातोय —

बरं आहे. खातोय.

पावलं. माझ्या चपलांचा आवाज —

कडी काढली

उघडलंय. ती उभी आहे. सदरा माझा. खांदे भरलेले, केस विंचरलेले. तो तिच्या पायांमागे. माझ्याकडे बघतोय, मग माझ्या मागे, जिन्याकडे, आणखी कुणी आहे का म्हणून —

ती रागावलेली नाही. वाकून विचारतेय, बरं नाही का तुम्हाला, पाणी देऊ का. नाव काय तुमचं —

नाव सांगितलं की तो ओळखेल. नुसतं नाव — तोंड उघडलं — माझं ना